बी.एस्सी. ॲग्री सून पाहिजे

निलंग्यातल्या आमच्या खत-औषधाच्या दुकानात भिंतीवर एक डिग्री टांगलेली होती. महादेवाच्या फोटोच्या शेजारी, काचेच्या फ्रेममध्ये. सकाळी उदबत्ती ओवाळताना मी दोघांनाही ओवाळायचो. डिग्री काही माझी नव्हती. माझं शिक्षण दहावी, तीपण गणितानं दोनदा वापस पाठवलेली. डिग्री लातूरच्या एका पोराची होती. सरकारनं नियम काढला की खत-औषध विकायचं तर दुकानात शेतकी शिकलेला जिम्मेदार माणूस पाहिजे. मग मी ती डिग्री भाड्यानं आणली. पोरगा लातुरात, डिग्री निलंग्यात, आणि सगळं सुखात चाललं होतं.

एके दिवशी ते पोरगं पेढ्याचा पुडा घेऊन आलं. बँकेत नोकरी लागली म्हणालं. मी तोंड गोड करून राहिलो तोवर हे स्टुलावर चढून फ्रेम काढायला लागलं.

"अरे अरे, राहू दे की! नोकरी कर तू तिकडं. डिग्री कुठं तुझ्या आड येऊन राहिली?"

"न्हाई काका. ही इथं सापडली तर माझी नोकरी जाईल."

पेढा माझ्या घशातच अडकला. पंधरवड्यात कृषी कार्यालयाचं पत्र आलं: जिम्मेदार माणूस दाखवा, नाहीतर विक्री बंद करा.

आता तुम्ही म्हणाल, अप्पा, तुम्हीच का नाही शिकलात? सरकारनं आम्हा दुकानदारांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा काढला होता, दर रविवारी लातूरला वर्ग. समोरच्या खतवाल्या शिवप्रसादनं केला. माझ्याच वयाचा माणूस, पाठीला दप्तर लावून एस.टी.त चढायचा. मी ओट्यावर उभा राहून हसायचो. "डबा घेतला का रे? पाटी घेतली का?" असं गल्लीभर ऐकू जाईल असं विचारायचो. उभी हयात खताच्या पोत्यावर बसून गेली माझी, मला कोण शिकवणार होतं? आता शिवप्रसादच्या दुकानात त्याची स्वतःची फ्रेम होती आणि तो ओट्यावर उभा राहून माझ्याकडं बघत होता. काही बोलत नव्हता, नालायक. नुसता बघायचा.

आमचा सोमेश बी.ए. झालेला, इतिहास घेऊन. इतिहासावर युरिया विकता येत नाही. मी घरात आरडाओरडा केला, ताट सरकवलं, तेव्हा आमची महानंदा शांतपणे म्हणाली, "पोराचं लग्न करायचंच हाय. ॲग्रीवाली सून आणा, म्हणजे दोन्ही कामं होतील."

ती टोमणा मारत होती. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याच संध्याकाळी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: बी.एस्सी. ॲग्री वधू पाहिजे. रंग, उंची, पत्रिका काहीही चालेल. डिग्री ओरिजिनल पाहिजे.

स्थळ निघालं उदगीरचं. उमाशंकर नावाचे किराणा दुकानदार, त्यांची मुलगी मंजुश्री. आम्ही तिघं गेलो. घर चांगलं, माणसं चांगली, पोह्यात शेंगदाणे भरपूर. पोरगी येऊन बसली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणलं, "सर्टिफिकेट बघू."

महानंदानं मला बारीक चिमटा काढला. मी लक्ष दिलं नाही. उमाशंकररावांनी फाईल आणली. मी चष्मा पुसला, सर्टिफिकेट ट्यूबलाइटसमोर धरलं, शिक्का बघितला, सही बघितली, मागची बाजू बघितली. "विद्यापीठ मान्यताप्राप्त हाय ना? एखादा विषय मागं राहिलेला न्हाई ना?" सोमेश खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत होता. उमाशंकररावांचे डोळे पाणावले. म्हणाले, "सिद्धलिंगअप्पा, पोरीच्या शिक्षणाची इतकी कदर करणारी माणसं आजकाल कुठं मिळतात?"

तेवढ्यात ती पोरगी पहिल्यांदा बोलली. "अप्पा, तुमच्या लायसनचा काही घोळ झालाय का?"

मी म्हणलं, "तुला कसं कळलं?"

"तुमच्या आधी अहमदपूरचे आले होते. त्यांनी तर झेरॉक्स काढून नेली. मला बघायला येतात ते सगळे खतवालेच असतात." तिनं बशी खाली ठेवली. "हे बघा, लायसनसाठी माणूस पाहिजे तर मला नोकरी द्या. रोज दुकानात बसेन, महिन्याला पगार घेईन. सून पाहिजे असेल तर ते वेगळं विचारा, वेगळ्या दिवशी विचारा. दोन्ही एकाच बशीत नको."

उमाशंकरराव "अगं, अगं" करत राहिले. सोमेशनं मात्र मान वर केली आणि तिच्याकडं जे बघायला लागला ते बघतच राहिला. मी मनात हिशोब मांडला. लग्नाचा खर्च वाचतो, लायसन वाचतं. म्हणलं, "सोमवारपासून ये."

अशी आमची बायकोपोरासकट सून बघायला गेलेली वरात नोकर ठेवून वापस आली. महानंदा येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. नंतर घरी आल्यावर सगळं एकदम बोलली.

मंजुश्रीची मावशी निलंग्यातच राहायची, तिथं ती उतरली. सोमवारी दुकानात आली आणि माझ्या इज्जतीचा बाजार उठला. पहिल्या दिवशी तिनं औषधाच्या फळीवरून माझा भज्यांचा पुडा उचलून बाहेर फेकला. "विषाच्या बाटल्यांत खायचं ठेवता?" मी म्हणलं, "इतकी वर्षं खाऊन राहिलो, मला काय झालं?" ती म्हणाली, "तेच बघतेय." दुसऱ्या दिवशी तिनं मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या काढल्या. त्यातल्या काही आमच्या लग्नाच्या आधीच्या होत्या, असं महानंदा सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. नंतरच्या होत्या.

माझी धंद्याची पद्धत सोपी होती. शेतकरी आला, म्हणाला "अळी पडली," की मी विचारायचो, "बारकी का मोठी?" बारकी असली तर हिरव्या झाकणाची बाटली, मोठी असली तर लाल झाकणाची. सोबत टॉनिकचा डबा, तो पाहिजे असो का नसो. मंजुश्रीनं हे सगळं बंद पाडलं. ती म्हणायची, "झाड घेऊन या. निदान पान घेऊन या. बघितल्याशिवाय औषध देणार नाही." लोक वैतागले. माझं डोकं तर रोज तापायचं. गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभं, आणि ही म्हणणार, "काका, हा यलो मोझॅक हाय, पांढऱ्या माशीनं पसरणारा रोग, यावर तुम्ही मागता ते औषध चालत नाही. पांढऱ्या माशीचं औषध न्या, तेवढंच. बाकी पैसे खिशात ठेवा."

"अगं बाई," मी आतून ओरडायचो, "पैसे खिशात ठेवा असं दुकानदार म्हणतो का कुठं?"

पण झालं भलतंच. लोक पान घेऊन यायला लागले. सोयाबीनची पानं, तुरीचे शेंडे, चक्रीभुंग्यानं पोखरलेल्या काड्या. ओसरीत रांग लागायची. औराद शहाजानीकडची माणसं यायची, सीमेपलीकडची कानडी बोलणारी यायची, आणि मंजुश्री त्यांच्याशी कानडीत बोलायची. "मॅडम आहेत का?" असं विचारायचे. नसली तर वापस जायचे. मला कुणी काही विचारायचंच नाही.

एकदा निरीक्षक साहेब अचानक तपासणीला आले. त्यांनी तिला अर्धा घंटा प्रश्न विचारले. तिनं सगळ्याची उत्तरं दिली, वर त्यांनाच एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर ते "बघून सांगतो" म्हणाले. जाताना माझ्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

मंजुश्री म्हणाली, "हे इथं बसतात."

खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. दुकान माझं, पाटीवर नाव माझ्या बापाचं, आणि मी कोण तर इथं बसतो! महानंदा मात्र हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "बराबरच बोलली की. दुसरं काय करता तुम्ही?"

सोमेशचं वेगळंच चाललं होतं. पूर्वी दुकानात यायला जांभया द्यायचा, आता शटर उघडायला माझ्या आधी हजर. पोती उचलायचा, लेबलं वाचायचा, ती रागावली की खूश व्हायचा. आणि दर रविवारी गायब. विचारलं तर "काम हाय" म्हणायचा. मला वाटलं पोरगं वाईट नादाला लागलं. एका रविवारी मी मागच्या एस.टी.नं लातूरला गेलो, माग काढत काढत एका इमारतीत शिरलो, दार लोटलं. बघतो तर आत बाकांवर माझ्यासारखे टकले, ढेरपोटे दुकानदार वह्या उघडून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये आमचा सोमेश! डिप्लोमा करून राहिला होता गडी. मला बघून मागच्या बाकावरचे दोघं सरकले. "या अप्पा, बसा, जागा हाय." मी तिथून जो पळालो तो थेट स्टँडवर.

घरी आल्यावर त्याला विचारलं, "ह्याची काय गरज होती? लायसनवर मंजुश्रीचं नाव हाय की."

तो म्हणाला, "म्हणूनच करतोय, अप्पा. मला तिला विचारायचंय. पण आत्ता विचारलं तर तिला वाटंल, लायसन टिकवायला विचारलं. माझं नाव लागलं, दुकानाला तिची गरज उरली नाही, की मग विचारतो."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

असलं पोरगं माझ्या पोटी कसं आलं, मला कळत नाही. मी तर असल्या गोष्टीत एक दिवस थांबलो नसतो.

थांबायची पाळी मात्र आलीच नाही. ऐन फवारणीच्या दिवसांत उमाशंकररावांचा फोन आला. नांदेडचं स्थळ आलंय, मुलगा इंजिनियर, रविवारी बघायला येणार, जमलं तर लगेच उरकायचं म्हणतात. पोरगी नांदेडला गेली की लायसनवरचं नाव गेलं. मी सोमेशला म्हणलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि विचार." तो म्हणाला, "नाही." मी ओरडलो. तो म्हणाला, "नाही म्हणजे नाही. तिला एकदा असं बघायला गेलोय आपण, अप्पा. परत त्याच कामासाठी तिच्यासमोर उभा राहणार नाही मी." पोरगं रडायच्या बेतात होतं.

मग मीच गेलो दुकानात. मंजुश्री एका म्हाताऱ्याला हातमोजे घालायला शिकवत होती. मी म्हणलं, "मंजुश्री, तू त्या नांदेडकरांना नको म्हण."

"का?"

"इथं अडचण होईल."

"कुणाची?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानाची."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय, अप्पा," म्हणाली आणि त्या म्हाताऱ्याचा दुसरा हात हातात घेतला.

घरी येऊन मी महानंदाला हे सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "तुमची जीभ हाय का काय हाय! पोरगी जीव लावून दुकान सांभाळून राहिली. तुमचं बीपी वाढलं तवा तिनंच दवाखान्यात नेलं. आणि तुम्हाला तिच्यात अजून ती फाईलच दिसते?"

मी जेवलो नाही. मला खरंच दिसत होतं का नुसती फाईल? मंजुश्री एक दिवस आली नाही की मला ओसरी रिकामी वाटायची, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? मी तर दिवसभर तिच्यावर ओरडायचो.

सकाळी उठून मी लातूरला गेलो. कृषी कार्यालयात अर्ज दिला. कारकुनानं तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, परत वाचला.

"अप्पा, लोक नाव घालायला येतात. तुम्ही काढायला आलात?"

"हाव. मंजुश्रीचं नाव काढा."

"दुसरं कुणाचं घालायचं?"

"कुणाचंच न्हाई."

"मग विक्री बंद ठेवावी लागंल. फवारणी चालू हाय, दुकानदार झोपत न्हाईत या दिवसांत."

"ठेवतो बंद. तुम्ही शिक्का मारा, माझा विचार बदलायच्या आत मारा."

खोटं कशाला बोलू, शिक्का पडला तवा अर्ज वापस ओढायला माझा हात पुढं झाला होता. बापानं उघडलेलं दुकान. बाप गेला त्या दिवशीसुद्धा दुपारनंतर उघडलं होतं आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलंच नाही. त्याला टेकून पायरीवर बसलो. शेजारी महानंदा आणि सोमेश. पानं घेऊन आलेली माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं धाड पडली, कुणी म्हणालं अप्पा गेले, मग मी दिसल्यावर म्हणालं, न्हाई न्हाई, बसलेत. समोरून शिवप्रसादसुद्धा ओट्यावर आला.

मंजुश्री आली. गर्दी बघून धावतच आली. "काय झालं अप्पा?"

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. तिचा चेहरा उतरला. "मला काढलं तुम्ही?"

"हाव. म्हणजे काढलं न्हाई. म्हणजे दुकानाला आता तुझी गरज न्हाई." महानंदानं मला असा काही चिमटा काढला की मी उभाच राहिलो. "अगं तसं न्हाई! दुकानाला गरज हाय, लई हाय, पण दुकानच न्हाई आता! बंद केलं मी. तू नांदेडला जा, न्हाईतर कुठं पण जा, आमचं काही अडत न्हाई. आता या पोराला काहीतरी विचारायचंय तुला. विचार रे! का मीच विचारू?"

सोमेश पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. "मंजुश्री, मी अजून पास झालेलो नाही. दुकानपण बंद हाय. आत्ता माझ्याकडं तुला द्यायला काहीच नाही, आणि तुझ्याकडून घ्यायलापण काही नाही. तरी विचारतो. माझ्याशी लग्न करशील का?"

गर्दीतला एक जण सोयाबीनचं झाड पुढं करून म्हणाला, "मॅडम, आधी माझं बघता का? मला लई लांब जायचंय."

लोक हसले, मंजुश्रीपण हसली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. ते झाड हातात घेतलं, काडी मोडून बघितली. मग सोमेशला म्हणाली, "डिप्लोमा पास व्हाल ना?"

"होईन."

"मग हो. नांदेडच्यांना फोन मी करते."

महानंदानं तिला तिथंच कवटाळलं. आणि माझी जीभ! सांगतो तुम्हाला, जीभ अगदी दातापर्यंत आली होती. बाळ, झालंच आहे सगळं, तर तेवढं नाव परत लावतेस का, असं विचारणारच होतो. मंजुश्रीपण महानंदाच्या खांद्यावरून माझ्याकडंच बघत होती. ती वाट बघत होती, मी बोलतो का ते. मी तोंड उघडलं. परत मिटलं. मग म्हणलं, "चहा सांगू का सगळ्यांना?"

तिनं हळूच मान डोलावली, मला पास केल्यासारखी. मग पर्स बाजूला ठेवून म्हणाली, "अप्पा, शटर उघडा."

"कसं उघडू? लायसन न्हाई."

"विकायला लायसन लागतं. पान बघायला लागत नाही."

मी शटर वर केलं. ती काउंटरवर बसली आणि एकेकाची पानं बघायला लागली. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहायची, किती पाण्यात किती टाकायचं ते लिहायची आणि समोर बोट दाखवायची. माझं गिऱ्हाईक, माझ्या दुकानातून, माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून शिवप्रसादकडं जात होतं. एक गेला, दुसरा गेला, नंतर रांगच लागली. शिवप्रसाद गोंधळून गेला. चिठ्ठ्या हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध आला आणि ओरडला, "सिद्धलिंग! अरे हे काय चालवलंस? तुझी माणसं माझ्याकडं कशाला धाडून राहिलास?"

मी पायरीवर उभा राहिलो आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं पाहिजे म्हणून.

"गुमान दे त्यांना! चिठ्ठीत हाय तेच दे, महागाचं माथी मारू नकोस! माझ्या सुनेनं लिहून दिलंय ते!"